फलाट दोनवरच्या पॉलिशवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी आली आणि बाबांना चढवायच्या गडबडीत धड नमस्कारही झाला नाही. म्हणून हे जाहीर पत्र. मराठी वाचता येत नसेल तर कुणीतरी वाचून दाखवेल.

गेल्या मंगळवारी बाबांना केमोसाठी परळला न्यायचं होतं. स्टेशनातली लिफ्ट बंद. ‘देखभालीचे काम सुरू आहे’ अशी पाटी, काम करणारं कुणी नाही. मुंबईत 1925 साली व्हीटी ते कुर्ला विजेवर गाडी धावली, आणि शंभर वर्षांनी आमची लिफ्ट जागची हलत नाही! व्हीलचेअर मागितली तर एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पुन्हा पहिलीकडे. त्यांचेही आभार मानेन, सवडीने.

पूल कसाबसा ओलांडला, पण उतरताना अर्ध्या जिन्यात बाबा खालीच बसले. लोक बाजूने धावत होते. त्यांना काय बोलू, मीही रोज तशीच धावते. तुम्ही मात्र पेटी तशीच टाकून वर आलात. तुमचे-माझे हात गुंफून आपण त्यांना खाली आणलं. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. त्यात डावा बूट निसटला, कुणीतरी तुडवलाही.

तुम्ही तो उचलून आणलात, बाकड्यापुढे पेटी ठेवलीत आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला बोलवावं तसा ब्रश तिच्यावर दोनदा आपटलात. “बाबूजी, पैर रखो.”

बाबा गिरणीत टाइमकीपर होते. रविवारी घरातले सगळे बूट स्वतः घासायचे. आजार कळल्यापासून ‘हो’ आणि ‘नको’ याखेरीज फारसं बोलत नाहीत. ते वाकून बघत म्हणाले, “टाचेकडे राहिलंय.” तुम्ही हसलात आणि टाच पुन्हा घासलीत.

मी पन्नासची नोट पुढे केली, तुम्ही हात मागे घेतलात. बाबांनी खिशातून वीस रुपये काढले, ते मात्र कपाळाला लावून घेतलेत. हे कुणी शिकवलं तुम्हाला?

अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येतं, हे आतल्या दोन धडधाकटांना तुम्हीच खडसावून सांगितलंत. गाडी सुटली आणि तुम्ही दिसेनासे झालात.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. बाबांनी वीस रुपये आत्ताच सुटे करून ठेवलेत.

तुमची,
एक प्रवासी