एकाच पान्यासाठी वेळ काढणाऱ्या भोसरीच्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. भोसरी एमआयडीसीतल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मापाची हत्यारं खरी बोलतात का ते तपासतात तिथे, टॉर्कच्या (पिळायच्या जोराच्या) टेबलावर असता, एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांचे पाने तुमच्याकडे क्रेटच्या क्रेट भरून येतात. मी धायरीच्या माझ्या गॅरेजातून एकच टॉर्क रेंच (मुठीवर लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की 'कट्ट' वाजणारा पाना) वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, तोही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घासाघीस करून घेतलेला. काउंटरवरच्या पोराला हसू आवरत नव्हतं. तुम्ही मात्र पाना हातात घेतलात आणि विचारलंत, "हा मिळाला तेव्हा मूठ कुठल्या आकड्यावर होती?"

जवळजवळ शेवटच्या, असं मी सांगितलं. "मग स्प्रिंग बरीच वर्षं दाबून राहिलीय. बघू काय म्हणतोय ते." एवढं बोलून तुम्ही कामाला लागलात, आणि मला बाजूला उभं राहून बघू दिलंत. आभार मानायचेत ते मुख्यतः या बघू देण्याचे. सर्टिफिकेट काय, पैसे भरले की कोणालाही मिळतं.

पान्यावर आकडे टॉर्कच्या इंग्रजी मापात, फूट-पाउंडात होते, 30 ते 150. एक फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर, हे तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलंत. तो कागद आता गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलाय. मग पाना यंत्रात अडकवून शेवटच्या आकड्यावर पाच वेळा नुसताच 'कट्ट' करून घेतलात, त्यातलं एकही रीडिंग न लिहिता. पडून राहिलेल्या पान्यातलं ग्रीस एका जागी बसलेलं असतं, त्यामुळे पहिला झटका खरा बोलत नाही, म्हणालात. आमच्याकडे पेटीतून पाना काढला की थेट इंजिनवर लावायची पद्धत होती. आता पोरं आधी व्हाइसमध्ये धरलेल्या बोल्टवर त्याला चार-पाचदा वाजवून घेतात.

त्यानंतर 90 फूट-पाउंडावरची रीडिंग. म्हणजे 122 न्यूटन-मीटर यायला हवं होतं. पडद्यावर आलं 112. मग 113, 112, 112, 113. चार टक्क्यांची मुभा धरली तरी हा सुमारे आठ टक्के कमी. माझं तोंड उतरलं, आणि तुम्ही म्हणालात, "अहो, पाना चांगला आहे." मला वाटलं समजूत काढताय. तुम्ही आकड्यांवर पेन्सिल टेकवलीत: पाचही वेळा तो एकाच ठिकाणी चुकतोय. तराजूला पासंग असला तर तो काढता येतो. दर वेळी वेगळंच वजन दाखवणाऱ्या तराजूचं काय करणार? मुठीच्या बुडाचा स्क्रू फिरवून तुम्ही स्प्रिंग थोडी जास्त दाबलीत, पुन्हा रीडिंग घेतलीत, आणि सर्टिफिकेटवर दोन्ही आकडे छापलेत: आला तेव्हाचे आणि जाताना केलेले. आला तेव्हाचे आकडे न दाखवणाऱ्या सर्टिफिकेटला अर्थ नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याशिवाय गेल्या वर्षभरात आवळलेल्या नटांचं काय झालं असेल, हे कळणार कसं?

पाना विकत घेताना काय बघावं, यावर दुकानदार ब्रँड सांगतात. तुम्ही ब्रँड एकही सांगितला नाहीत. सिरीयल नंबर कोरलाय का, सोबत त्याच नंबरचं सर्टिफिकेट आहे का, आणि रेंज काय, एवढंच. आमचं निम्मं काम बाइकचं, निम्मं गाड्यांचं. सगळ्याला चालेल असा एक मोठा पाना घ्यावा असं मला वाटत होतं. तुम्ही साफ नाही म्हणालात. कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांच्या खाली पान्याचा भरवसा सहसा कोणी देत नाही. बाइकचा 10 मिलिमीटरचा स्पार्क प्लग इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये 10-12 न्यूटन-मीटरवर बसतो. तिथे 200 वाला पाना लावला तर कट्ट ऐकू येण्याआधी आटे हातात येतील. चाकांच्या नटांना अर्धा इंची चौकोनाचा (ज्यावर सॉकेट बसतो तो) मोठा, प्लग आणि कव्हरच्या बोल्टांना तीन-अष्टमांश इंचीचा छोटा, असे दोन घ्या म्हणालात. दोन पाने म्हणजे लॅबला दोनदा धंदा, असं मी म्हटल्यावर तुम्ही हसलात.

डिजिटल पान्याचं विचारलं तर बॅटरीचं बघा म्हणालात. काट्याच्या, म्हणजे दांडी वाकून आकडा दाखवणाऱ्या जुन्या पान्याची मात्र तारीफ केलीत: त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, काटा शून्यावर आहे का एवढं बघायचं. पण गाडीखाली आडवं पडून त्याचा काटा वाचायचा कसा, हे मॅडम, लॅबमध्ये टेबलाशी बसून कळायचं नाही!

आट्यांना ऑइल-ग्रीस लावता का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाला आला. आमचा सरसकट नियम होता, थोडं ग्रीस लावलेलं बरं, पुढच्या वेळी सुटायला सोपं. तुम्ही हिशोब सांगितलात: आपण लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा सगळा बोल्टच्या डोक्याखालचं आणि आट्यांतलं घर्षण खातं. ग्रीसने घर्षण कमी झालं की त्याच आकड्यावर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, पाना बिचारा वेळेवर कट्ट करूनही. मॅन्युअलमध्ये कोरडे आटे म्हटलं असेल तर कोरडेच. हेडबोल्टला आधी टॉर्क आणि मग 90 अंश फिरवा असं लिहिलेलं असतं, ते का, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. शेवटचा ताण घर्षणाच्या भरवशावर सोडायचा नसतो.

काळजी कशी घ्यायची, त्यातलं बरंचसं आम्हाला ऐकून माहीत होतं. काम झालं की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणायची, त्याच्याही खाली सैल करायची नाही. गंजलेला नट सोडवायला हा पाना वापरायचा नाही. मुठीला पाइप जोडायचा नाही. एकदा कट्ट झालं की थांबायचं, खात्रीसाठी दुसरं कट्ट नको. पण रॉकेलच्या डब्यात बुडवू नका, हे नवीन होतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळी हत्यारं रॉकेलने धुतात आणि पुसून टांगतात. टॉर्क रेंच तसा धुतला की आतलं ग्रीस वाहून जातं आणि पुढचं प्रत्येक रीडिंग बदलतं. फक्त रॅचेटच्या डोक्यात ऑइलचा एखादा थेंब, बाकी कोरडं फडकं. आता तो वेगळ्या पेटीत असतो, आणि वर मीच खडूने लिहिलंय: धुवू नये.

चाकांचं एक तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. खंबाटकी घाटाच्या अलीकडे पंक्चर झालेली एक गाडी आमच्याकडे आली. रस्त्यावर कोणीतरी हवेच्या गनने नट असे ठोकले होते की मालकाला गाडीतल्या पान्याने एकही हलला नव्हता. त्या नटांचे दोन स्टड (नट ज्यावर बसतात ते आटेवाले दांडे) शेवटी आम्हाला बदलावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे गन फक्त नट टेकेपर्यंत. पुढचं आवळणं हाताने, समोरासमोरचे नट घेत, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आणि गिऱ्हाइकाला सांगतो की 50 ते 100 किलोमीटर झाले की चक्कर मारा, नट पुन्हा बघून देतो, फुकट. निम्मे येत नाहीत. येतात त्यांच्यातले काही उगाच चहा प्यायला येतात, तेही चालतं.

वर्षातून एकदा किंवा 5000 कट्टनंतर, जे आधी होईल तेव्हा पाना दाखवा म्हणाला होतात. पोरांनी त्यासाठी वही घातलीय. चाकांची कामं बघता आमचे 5000 वर्षाच्या आतच भरतील असं दिसतं. छोटा पाना अजून घ्यायचाय. नाना पेठेत एक 5 ते 25 चा दाखवला होता. सिरीयल नंबर होता, सर्टिफिकेट मात्र दुसऱ्याच नंबरचं निघालं, म्हणून परत ठेवला. दुसरा मागवलाय. तो आला की दोन्ही एकदमच घेऊन येतो. शनिवारी टेबलावर असता का, तेवढं फोनवर सांगा. येताना दोन्ही पोरांना आणीन म्हणतो, त्यांनाही ते पाच आकडे समोर बघू देत.

आपला,
धायरीचा गॅरेजवाला