खड्डे काढण्याआधी डोंगराची बाजू पाहा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आमच्या माण तालुक्यात डोंगरउतारांवर खड्डे काढायची घाई सुरू होते. सगळीकडे एकच माप, एकच अंतर आणि एकाच जातीची रोपे. आयुष्यभर भूगोल शिकवून आता वडिलोपार्जित मुरमाड रानात राबणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहवत नाही.

इकडे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातही भिस्त परतीच्या पावसावर. म्हणजे रान भिजते ते भाद्रपद-आश्विनात, नेमका सूर्य दक्षिणेला कलू लागतो तेव्हा. तिथून पुढे माघापर्यंत डोंगराची दक्षिण बाजू तापत राहते, उत्तर बाजूला ऊन तिरपे लागते. दिवाळीनंतर दोन्हीकडे टिकाव मारून पाहावा. दक्षिणेला मुरूम नुसता खडखडतो. उत्तरेला वीतभर खालची माती मुठीत दाबली तर अजून गोळा होते. पायथ्याला, वरची बारीक माती वाहून येऊन साठते तिथे, निव्वळ ओलीवर ज्वारी निघते.

तरवडाच्या झुडपाचेही तसेच. उघड्या माळावर थेंबांच्या माऱ्याने मातीला खपली धरते आणि पाणी वरच्यावर पळते. तरवडाच्या बुडाशी मात्र पाला आणि गाळ अडतो, मुळांच्या वाटेने पाणी मुरते, गवत आधी तिथेच धरते. आमच्या टेकडीवर जेसीबीने चर काढताना नेमकी हीच झुडपे आणि कुसळी गवताचे ठोंब मुळासकट उपटले गेले. त्यावर लावले काय, तर गिरिपुष्प! मेंढरांवर जगणाऱ्या तालुक्यात, जनावर सहसा तोंड लावत नाही ते झाड. (फोटोत हिरवे दिसते, एवढे खरे.)

झाडे दाट म्हणजे ओल जास्त, असेही नाही. चीनच्या लोएस पठारावर १९९९ नंतर प्रचंड लागवड झाली. धूप कमी झाली, पण कमी पावसाच्या भागात दाट लावलेल्या झाडांनी खोल थरातली ओल शोषून घेतली.

तेव्हा दक्षिण उतार काही वर्षे चराईबंदी करून गवतावर सोडावेत. हिवरेबाजारने चराईबंदी करूनच डोंगर राखला. मेंढपाळांना तिथले गवत कापून नेऊ द्यावे. बोर, हिवर, खैर लावायचे ते उत्तर उतारावर आणि घळींच्या कडेला. आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल खड्डे मोजून काढू नये. तिसऱ्या उन्हाळ्यात जी झाडे जगली असतील, ती मोजून काढावे.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, ता. माण, जि. सातारा