आत्या, ट्रंकेतला एकही कागद देऊ नकोस

टेम्पी, ॲरिझोना

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की बडोद्याच्या दांडिया बाजारचं घर आवरताना माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली काढली, आत सगळे तुझ्या नैरोबीच्या दिवसांतले कागद निघाले आणि दिवाळीआधी पस्तीवाल्याला बोलावलंय. “आता कोण वाचणार ते?” असंही म्हणालीस. माझ्यामागे मुलांचा गोंधळ चालला होता, त्यामुळे तेव्हा धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. पस्तीवाल्याला तेवढा थांबव. जुनी वर्तमानपत्रं दे, डबे-बाटल्या दे, पण ट्रंकेतला एक चिटोरासुद्धा देऊ नकोस. वाणसामानाची यादी निघाली तर तीही राहू दे.

एवढं का सांगतेय, ते जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घराजवळच ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आहे. आज केवढी अवाढव्य, पण १९११ साली ही शिक्षक तयार करणारी लहानशी शाळा होती, टेम्पी नॉर्मल स्कूल. त्या सुमारास ॲग्नेस स्मेडली नावाची एकोणीस वर्षांची मुलगी इथं शिकायला आली. जन्म मिझुरीतला, बालपण कोलोरॅडोतल्या कोळशाच्या खाणींच्या वस्त्यांत गेलेलं, आई वर्षभरापूर्वीच वारलेली. इथं तिनं शाळेच्या नियतकालिकाचं संपादन केलं. तिच्या लेखणीची सुरुवात इथली. पुढे ती पत्रकार झाली आणि न्यूयॉर्क, बर्लिन, चीनमधलं शांघाय आणि येनान करत आयुष्याची कितीतरी वर्षं परमुलखात राहिली. १९५० साली ऑक्सफर्डला वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिची रक्षा चीनमध्ये नेली. १९५१ पासून ती बीजिंगमध्ये आहे. आणि तिची पत्रं, हस्तलिखितं, फोटो यांचा मोठा संग्रह ती जिथं शिकली त्याच गावात, या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आधी कळवलं की माझ्यासारख्या कोणत्याही वाचकाला तो बघायला मिळतो. पर्स आणि पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फाइल समोर येते. ती परत केली की पुढची.

तुला वाटेल, या अमेरिकन बाईचं आणि आपलं काय? खूप आहे, आत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते. ही त्यांचं टंकलेखन करायची आणि ते तिला हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचे. आपल्या क्रांतिकारकांना मदत केली म्हणून १९१८ साली तिला तिथं अटक झाली. सुटून आल्यावर ती बर्लिनला गेली आणि सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सगळ्यांचे ‘चट्टो’, यांच्याबरोबर तिनं संसार मांडला. लग्न कायद्यानं झालं नव्हतं. १९२१ साली हिंदुस्थानी क्रांतिकारकांचं एक शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं, त्यात ही होती. आणि त्याच शिष्टमंडळात आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, ज्यांनी नंतर मेक्सिकोत शेतीशास्त्रात नाव काढलं!

मला धरून ठेवलं ते त्या बर्लिनच्या घरानं. चट्टोंच्या दाराला कधी कडी नसायची. विद्यार्थी, पुढारी, परागंदा झालेले लोक, कोणीही येऊन राहायचं. हातात पैसा नाही. ही इंग्रजी शिकवून चार पैसे आणायची, शिवाय स्वयंपाक, धुणं, उष्टी-खरकटी, आणि आल्यागेल्याचं अगत्य. त्यातून रात्री वेळ काढून लेख. कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात तिचे लेख यायचे. आपल्याकडे लोकांनी ते वाचले असतील, पण ते लिहिणारीनं त्या दिवशी किती माणसांचं रांधलंय, हे त्या लेखांत कुठं असणार? ते सगळं आहे न्यूयॉर्कमधल्या मैत्रिणीला लिहिलेल्या तिच्या खाजगी पत्रांत. दमणूक, आजारपण, चट्टोंवरचं प्रेम आणि त्यांचा धाक, आलेल्या पाहुण्यांपैकी कोण तिला मान द्यायचं आणि कोण नोकराणीसारखं वागवायचं. मैत्रिणीनं ती पत्रं जपली नसती तर पुढे तिचं चरित्र लिहिणाऱ्यांच्या हाती तो सगळा काळ इतका जिवंत लागलाच नसता.

तिच्या घरावर लक्ष ठेवणारे दुसरेही होते. बर्लिनमध्ये ब्रिटिशांचे हेर आणि पुढे शांघायमध्ये तिथले पोलीस तिच्या मागावर असायचे. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं पत्र आलं, याच्या फायली त्यांनी केल्या आणि त्या फायली आजही शाबूत आहेत. सरकार आपले कागद जपतंच. बाईचे कागद बाईनं किंवा तिच्या माणसांनी नाही जपले, तर उद्या तिच्या घराबद्दल फक्त पोलिसांचाच शब्द उरेल. हे मनात आलं आणि मला तुझी ट्रंक डोळ्यांपुढे दिसली.

शांघायची एक गोष्ट तुला आवडेल. लू शुन म्हणजे चीनचा फार मोठा कथाकार. १९३० च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या पन्नाशीचा समारंभ ठरला. लेखक-कलावंतांची धरपकड चालू होती, त्यामुळे उघड जमायची सोय नाही. स्मेडलीनं फ्रेंच वसाहतीतलं एक डच उपाहारगृह ठरवलं आणि स्वतः फाटकाशी उभी राहिली, आत येणाऱ्या प्रत्येकावर आणि रस्त्यावर नजर ठेवून. त्याच दिवशी तिनं लू शुनचा फोटो काढला. लांब झगा घालून वेताच्या खुर्चीत बसलेला, समोर बघणारा. तो फोटो आज जगभर छापला जातो. आपण बघतो तो लू शुन. पण फाटकाशी उभं राहून पाहुणे आत घेणाऱ्या बाईमुळे तो आपल्यापर्यंत पोचला. वाढदिवसाचं जेवण ही काय लिहून ठेवायची गोष्ट, असं ती म्हणाली असती तर?

आणि डॉ. कोटणीस. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आपल्या घरात बाबांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. १९३७ साली स्मेडली चिनी कम्युनिस्टांच्या फौजेबरोबर, आठव्या मार्ग सेनेबरोबर, होती. जखमी सैनिकांना डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत. तिच्या पुढाकारानं सेनापती झू दे यांनी नेहरूंना मदतीसाठी पत्र लिहिलं. चट्टो आणि नेहरूंची ओळख होतीच, १९२७ च्या ब्रसेल्स परिषदेत दोघं एकत्र होते. मग काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले: अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून त्यांची बोट निघाली. कोटणीस परत आले नाहीत, १९४२ च्या डिसेंबरात बत्तीस वर्षांचे असताना तिकडेच गेले. इतिहासाच्या पुस्तकात सेनापतीचं पत्र आणि पुढाऱ्याचं उत्तर एवढंच येतं. पण असं पत्र आपल्या देशाला लिहावं हे त्या बाईला सुचलं, कारण आयुष्याची कितीतरी वर्षं तिनं आपल्या माणसांना घरात घेतलं होतं, त्यांच्यासाठी रांधलं होतं.

आता तुझं. तू काकांबरोबर १९६० साली नैरोबीला गेलीस आणि बडोद्याच्या मराठी मासिकाला तिथून लेख पाठवत राहिलीस. ते छापील लेख कोणाकडे तरी मिळतील. पण दहावीच्या सुट्टीत मी ट्रंक उघडून बसले होते, तेव्हा वाचलेलं एक पत्र अजून आठवतंय. निळं एरोग्राम, दुमडायच्या कडेपर्यंत लिहीत नेलेलं, जागा संपल्यावर बाजूनं उभ्या ओळी. १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला, त्यावर तुझा लेख झेंडा, रोषणाई, नाच असा सगळा आनंदाचा आहे. आणि त्याच आठवड्यात आजीला लिहिलेल्या या पत्रात काय होतं? नैरोबीतल्या न्गारा भागातल्या चाळीतल्या बायका दुपारी जिन्यात बसून हळू आवाजात पासपोर्टचं बोलतात. ब्रिटिश ठेवायचा की केनियाचा घ्यायचा, दोन वर्षांत ठरवायचंय. शेजारच्या पटेलबेननी शिवणयंत्र विकलं. कोणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच. पुढे १९६८ साली ब्रिटननं कायदा करून अशा पासपोर्टवाल्या आपल्या लोकांची वाट अडवली, ते आता पुस्तकांत आहे. जिन्यातल्या बायकांना पाच वर्षं आधी काय दिसत होतं, ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते तुझ्या ट्रंकेत आहे. लेखात ते का नाही घातलंस, हेही मला तुला विचारायचंय, कारण माझ्या मते तुझं खरं वार्तांकन ते पत्र होतं.

आणि बडोद्यानं कागद टाकावेत, हे मला पटत नाही गं. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल इथून, अमेरिकेतून, बोलावून घेतला आणि संस्थानभर वाचनालयं उभी केली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तू मला बोट धरून न्यायचीस. ज्या शहरानं कागदाची एवढी कदर केली, त्या शहरातल्या लिहित्या बाईचे कागद किलोच्या भावानं जावेत?

आता काय करायचं ते सांगते. इथल्या वाचनकक्षातल्या बाईंना मी विचारून घेतलंय. ट्रंक आहे त्या क्रमानं राहू दे, तारीखवार लावत बसू नकोस. कोणत्या कागदाशेजारी कोणता होता हीसुद्धा माहिती असते. गंजलेल्या टाचण्या आणि पिना हलक्या हातानं काढ, पण फाटलेल्याला चिकटपट्टी अजिबात लावू नकोस, तिचा गोंद पुढे कागद खातो. पत्र पाकिटातून काढलंस तर पाकीट त्याच्याबरोबरच ठेव, शिक्का त्यावरच असतो. फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिही, बॉलपेननं नको. काळ्या पानांच्या अल्बममधला चिकटलेला फोटो ओढून काढू नकोस, पानासकट राहू दे. प्लास्टिकच्या पिशवीत काही बांधू नकोस, आत दमट होतं. आणि ट्रंक जमिनीवर नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी किती घरांत शिरलं ते तू पाहिलंयस. मंदारदादाला सांग, नव्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या खणात जागा करायची.

वहिनीला रविवारी वेळ असेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढू दे. पाठपोट दोन्ही. माझ्याकडे पाठवत राहा, मी इथं नीट नावं देऊन ठेवते. काही अगदी खाजगी असेल, तुझं आणि काकांचं, तर ते वेगळ्या पाकिटात घालून वर ‘उघडू नये’ असं लिही. त्याचा मान आम्ही ठेवू. अशी बंद पाकिटं मोठमोठ्या संग्रहांतही असतात, किती वर्षांनी उघडायची ते देणाऱ्यानं ठरवायचं. पण जाळू नकोस. हे मी हात जोडून सांगते.

पुढे ते एखाद्या ग्रंथालयाला द्यायचे की घरातच ठेवायचे, ते सावकाश ठरवू. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही.

मधल्या वेळात माझ्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं लिहून पाठव, फोनवर नको, लिहूनच. नैरोबीच्या गणपतीत मोदकांची पिठी कुठून मिळायची? तुझे लेख टपालात टाकायला कोण जायचं, तू की काका? आणि जिन्याच्या पायऱ्यांवर पाच जणी बसल्यात तो फोटो: तू, पटेलबेन, गोव्याच्या त्या शिक्षिका, आणि कडेला कडेवर मूल घेतलेली आफ्रिकन बाई, जिला तू पत्रात नुसती ‘आमची वांजिरू’ म्हणतेस. मधे गॉगल लावून हसतेय ती पाचवी कोण? तिच्याबद्दल कुठल्याच पत्रात एक ओळ नाही.

काकांच्या फोटोला नमस्कार. मंदारदादा आणि वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी भाची,
मृणाल