गिझर घेताना भिंत, वायर आणि हवा पाहा

संपादक महोदय,

डिसेंबर जवळ आला की गिझरच्या सवलतींनी वर्तमानपत्रांची पानं भरून जातात. किती लिटरचा, किती स्टारचा आणि महिना हप्ता किती, एवढंच त्यांत असतं. गिझर कोणत्या भिंतीवर टांगायचा, त्याला किती जाडीची वायर लागते, घरातलं अर्थिंग खरं आहे की नावापुरतं, याबद्दल एक ओळही नसते. जिवावर बेततं ते याच गोष्टींमुळे.

आधी आकाराचं बोलू. आपल्याकडे मुंबईत थंडीतही नळाचं पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असतं. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात गार पाणी मिसळलं, तर ४० अंशांचं तीसेक लिटर पाणी सहज मिळतं, म्हणजे जवळपास दोन बादल्या. २००० वॉटच्या कॉईलला त्यासाठी सुमारे २० मिनिटं आणि जेमतेम ०.६ युनिट वीज लागते. म्हणजे चौघांच्या घरालाही १५ लिटर पुरतो. दोन आंघोळींनंतर थोडं थांबायची तयारी हवी. बादलीनेच आंघोळ करणाऱ्यांना ३००० वॉटचा इन्स्टंट गिझरही चालतो. तो मिनिटाला तीन लिटरपेक्षा थोडं कमी पाणी देतो, बादली भरायला पाच-सहा मिनिटं लागतात. शॉवरला ही धार पुरत नाही. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडे पाहून २५ लिटरचा गिझर आणला, तर भिंतीवरचं वजन तेवढं वाढतं.

दुकानात सहसा विचारला न जाणारा प्रश्न म्हणजे मजला. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका खालच्या घरांतला दाब जास्त. दर १० मीटर उंचीला १ बार (बार हे दाबाचं माप). पंचवीस मजली टॉवरमध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले नसतील, तर खालच्या मजल्यांवर तो ७ बारच्या वर जातो. अशा ठिकाणी ८ बारपेक्षा कमी क्षमतेचा गिझर घेऊ नये. बरेच इन्स्टंट गिझर ६.५ बारचे असतात, आकडा पेटीवर छापलेला असतो. टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर उलटी अडचण: दाब इतका कमी की इन्स्टंट गिझरमधून पाणी पुढे सरकत नाही आणि कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) पुन्हा पुन्हा पडतो.

भिंतीकडे तर कुणी पाहतच नाही. भरलेला १५ लिटरचा गिझर वीस-पंचवीस किलोंचा, २५ लिटरचा पस्तीसच्या पुढे. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधे रॉलप्लग किंवा ठोकायचे अँकर धरत नाहीत. भोक हळूहळू मोठं होतं आणि एक दिवस गिझर पाइपांवर लटकतो. इथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के केलेले बोल्ट) तरी हवेत, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावावी. पोटमाळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर बसवायचा असेल तर आडवाच गिझर घ्यावा. उभा गिझर आडवा झोपवला की वर हवा कोंडते आणि कॉईलचा काही भाग पाण्याबाहेर राहून जळतो.

आता वायर. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा तेरा. पहिल्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), दुसऱ्याला ४ चौरस मिलिमीटर आणि २० अँपिअरचा एमसीबी. दोन्हींसाठी मीटरपासच्या बोर्डावरून स्वतंत्र लाइन हवी. बेडरूमच्या एसीच्या लाइनवरून फाटा काढलेला गिझर पहिली दोन वर्षं नीट चालतो, मग सॉकेट काळा पडू लागतो. पिन-सॉकेटपेक्षा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच बरा, आणि तोही न्हाणीघराच्या बाहेर.

अर्थिंगबद्दल सविस्तर लिहायला हवं. गिरगाव, लालबाग, परळच्या कित्येक जुन्या चाळींत खोलीपर्यंत अर्थची तार आलेलीच नाही. मग बसवणारा सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून मोकळा होतो. गिझर चालतो, टेस्टरही काही दाखवत नाही. पण मीटरकडचा न्यूट्रल कधी सैल झाला किंवा तुटला, की कॉईलमधून आलेला प्रवाह त्याच जोडामार्गे गिझरच्या पत्र्यावर आणि तिथून पाण्यात उतरतो. दुसरी पद्धत म्हणजे अर्थची तार लोखंडी पाण्याच्या पाइपला गुंडाळणं. ते पाइप बदलून सीपीव्हीसीचे झाले की ती तार कुठेच जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावलेला असेल आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलेले असतील, तर तो वारंवार पडू शकतो. मग तोच ‘खराब’ ठरवून काढून टाकतात. खरं तर तो योग्य तेच सांगत असतो. तपासणी अवघड नाही. डबल पोल मेन बंद करायचा, सगळे प्लग काढायचे आणि मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला जोड बघायचा. बीप वाजला तर सॉकेट उघडलाच पाहिजे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणं मात्र घरातल्या कुणालाही जमतं.

गार पाण्याच्या तोंडाला बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यात बूच मारण्याची पद्धत अतिशय घातक आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं. ते पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडणारच. त्याला बारीक नळी जोडून मोरीकडे सोडावी. गिझर बंद असतानाही तो गळत राहिला तर लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह झिजला आहे. कटआउट सारखा पडतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. थर्मोस्टॅट अडकला, तर पाणी उकळण्याआधी वीज तोडणारं दुसरं काहीच उरत नाही.

तलावांतून येणारं पालिकेचं पाणी गिझरला फारसा त्रास देत नाही. टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्याने कॉईलवर क्षारांचा थर बसतो. तिथे टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) दरवर्षी उघडून पाहावा.

आणि गॅस गिझर. न्हाणीघरात तो बसवूच नये, याला अपवाद नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पाइप गॅसवर दहा मिनिटांत सुमारे ०.२ घनमीटर गॅस जाळतो, आणि त्यासाठी २ घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सात फुटांच्या आपल्या न्हाणीघरात हवाच जेमतेम ७ घनमीटर. खिडकी डक्टकडे उघडणारी, त्यातही कबुतरांसाठी तिला अॅक्रिलिकची शीट ठोकलेली. दहा मिनिटांत प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५च्या आसपास येतो, ज्योत अपुरी जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि पायांतलं बळ जातं, त्यामुळे हातभर अंतरावरची कडीही काढता येत नाही. एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, असं समजू नये. बंद खोलीत तो धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. गिझर उघड्या बाल्कनीत बसवावा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणावा. सरकत्या काचा लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी उघडी धरता येत नाही. पाइप गॅससाठीचा गिझर जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड) न बदलता सिलिंडरवर जोडला तर ज्योत पिवळी आणि काजळीची होते. ती दिसताच तो बंद करून खिडक्या उघडाव्यात.

पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सोसायट्यांना एक विनंती. विकासकाशी करार करतानाच प्रत्येक न्हाणीघरासाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आणि गिझरच्या जागी सिपोरेक्सऐवजी दोन फूट बाय दोन फूट काँक्रीटचा तुकडा, एवढं लिहून घ्यावं. टाइल्स बसल्यानंतर यांतली बरीच कामं भिंत फोडल्याशिवाय होत नाहीत.

– एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, दादर