विश्वामित्रीच्या काठावरून

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा परत तेच म्हणाले की बडोद्यातला विश्वामित्री नदीजवळचा फ्लॅट विका आणि पुण्याला या. बाजूला ओवी होती म्हणून मी गप्प बसले, आज नीट लिहितेय.

रविवारी सकाळीच ओवीला घेऊन कमाटी बागेत गेले होते. वाघ-सिंह झोपलेलेच होते, पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत आपणच आत चालत जातो ते तिला आवडलं, पण ती खरी रमली नदीवरच्या पुलावर. खाली काठाला मगर पडलेली, अगदी चिखलाच्या रंगाची, मला दिसलीच नाही, ओवीनेच दाखवली. जबडा उघडा टाकून पडली होती. ओवी हळूच म्हणाली, रागावलीये का गं ती? मी म्हटलं नाही गं, उन्हाने अंग तापलं की ती तोंड उघडून गरमी बाहेर टाकते. शेपटीला लागूनच एक फाटकी चुनरी आणि दुधाच्या पिशव्या अडकलेल्या, ते बघून मात्र फार वाईट वाटलं, हे सगळं आपणच टाकलंय ना तिच्या घरात.

बाबा, ऑगस्ट २०२४ च्या पुराची ती रात्र मी विसरलेले नाही, पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि मीही खूप घाबरले होते. तेव्हा तीन दिवसांत शहरातून २४ मगरी पकडल्या, टीव्हीवर तेच तेच दाखवत होते, तुम्हाला अजून तेच आठवतं. पण मगर काठात बिळं करून राहते, अंडी पण काठावरच्या मातीत पुरते, नदी इतकी फुगल्यावर तिने जायचं कुठे? आपल्यासारखंच तिचंही घर बुडालं होतं. पिंजऱ्याबाहेरची मगर शहराच्या मधोमध, शाळेच्या रस्त्यावरच्या पुलावरून दिसते, असं गाव ओवीला दुसरं कुठे मिळणार? पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आम्ही लगेच वहिनींच्या आईकडे मांजलपूरला जाणार, बॅग भरून दाराशीच ठेवलीये, हे नक्की. पण फ्लॅट विकायचा नाही.

त्यापेक्षा तुम्हीच दिवाळीनंतर या. थंडीत सकाळी मगरी हमखास उन्हाला येतात. बाबांच्या गुडघ्याला जमेल तसं थांबत थांबत जाऊ, आणि मग सेव-उसळ, बाबांना तर्री वेगळी. तारीख कळवा, मी तिकिटं काढते. आई, येताना मेतकूट आण, डबा कधीचा रिकामा झालाय.

तुमची,
मनू