वीस गाड्या, एक ट्रान्सफॉर्मर : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गेली बावीस वर्षं मी विजेची कामं करतो. मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका जुन्या इमारतीतून फोन आला. मीटर रूमचं दार उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. एका मीटरखालचा न्यूट्रलचा जोड काळा ठिक्कर पडला होता आणि वायरवरचं पीव्हीसी वितळून बोर्डाला चिकटलं होतं. त्या घरी नवी इलेक्ट्रिक गाडी आली होती आणि पार्किंगमध्ये 16 ॲम्पिअरचा सॉकेट बसवला होता. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला नव्हता, पडणारही नव्हता, कारण करंट मर्यादेतच होता. सैल होता तो स्क्रू.

गिझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडीचा साधा चार्जर 3.3 किलोवॉटचा, म्हणजे साधारण 14 ॲम्पिअर, आणि बॅटरी उतरलेली असेल तर तो सलग आठ-नऊ तास ओढतो. जो जोड गिझरने वर्षानुवर्षं निभावून नेला, तो गाडीने महिन्याभरात जाळला. या इमारती बांधल्या तेव्हा दिवे, पंखे आणि फ्रिज एवढाच हिशेब होता. कितीतरी बिलांवर मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या घराला ठरवून दिलेली मर्यादा, आजही 2-3 किलोवॉटच आहे. एकटी गाडी त्याहून जास्त घेते.

दुसरी सोसायटी साठ घरांची. वीस जणांनी 7.4 किलोवॉटचे चार्जर मागितले. वीज कार्यालयाने सरळ गुणाकार केला, 148 किलोवॉट, आणि नवा ट्रान्सफॉर्मर बसवायला जागा द्या म्हणून कळवलं. जागा कुठून आणणार? प्रकरण तिथेच अडलं. आता दोन बाल्कन्यांमधून एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरी खाली लोंबतात. पावसाळ्यात त्या पाहून माझ्या पोटात गोळा येतो.

साहेब, तो गुणाकारच चुकीचा आहे. शहरात गाडी दिवसाला 35-40 किलोमीटर फिरते, त्याला पाच-सहा युनिट लागतात. वीस गाड्यांचे झाले 120 युनिट. रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत सगळ्या चार्जरना मिळून फक्त 30 किलोवॉटची मर्यादा घातली, तरी 210 युनिट मिळतात. टाइप 2 (गाडीच्या प्लगचा एक प्रकार) चार्जर गाडीला किती करंट घ्यायचा ते सांगतो आणि 6 ॲम्पिअरपर्यंत खाली येऊ शकतो. त्यामुळे वीसच्या वीस गाड्या एकदम लागल्या तरी त्या या मर्यादेत बसतात. सोसायटीच्या मुख्य केबलवर सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर, बसवायचा. संध्याकाळी लिफ्ट, पंप आणि एसीचा भार चढला की त्याला जोडलेला कंट्रोलर गाड्यांचा करंट उतरवतो, मध्यरात्रीनंतर वाढवतो. हे तंत्र बाजारात मिळतं, मी स्वतः बसवलं आहे. पण भार मंजुरीच्या अर्जात ते लिहायला रकानाच नाही.

केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सोसायटीतल्या रहिवाशाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आणि महानगरांत नवी जोडणी 3 दिवसांत देण्याची मुदत घातली. ट्रान्सफॉर्मरचं नाव निघालं की या हक्काचा ग्राहकाला काही उपयोग उरत नाही.

म्हणून मागणी अशी : कंट्रोलरने बांधलेली मर्यादा हाच सोसायटीचा चार्जिंगचा मंजूर भार धरावा. कंपनीने हवं तर त्या सेटिंगला सील लावावं, आमची हरकत नाही. आणि सॉकेट चालू होण्याआधी मीटरपासून स्वतंत्र वायर, 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग आणि प्रत्येक जोडाचा घट्टपणा तपासल्याचा परवानाधारकाचा सहीनिशी दाखला सक्तीचा करावा. माझ्यासारख्यांवर जबाबदारी येईल, ती यायलाच हवी.

दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, तेव्हा वीज स्वस्त देणं योग्यच आहे. पण नोकरदाराची गाडी तेव्हा घरी नसते. मध्यरात्रीनंतरच्या चार्जिंगलाही वेगळा दर मिळाला, तर संध्याकाळी सात वाजता घरी येऊन लगेच प्लग लावणारा माणूस थोडं थांबेल.

त्या साठ घरांच्या सोसायटीचा अर्ज अजून पडून आहे. नमुना म्हणून तो एकच प्रकल्प मंजूर करा. वर्षभराच्या भाराच्या नोंदी मी स्वखर्चाने आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, पुणे