दिग्या, टँक उपसू नकोस

राजारामपुरी, कोल्हापूर

दिग्या भावा,

परवा फोनवर तू म्हणालास की माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा कंटाळा आलाय, हिरवं शेवाळ काही केल्या हटत नाही, आता सगळा उपसतो, दगड गच्चीवर उन्हात वाळवतो, नवीन वाळू टाकतो आणि पहिल्यापासून लावतो. मी मधे बोलायला गेलो तर नेहमीप्रमाणे बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितोय. पत्राला तुला मधेच "अरे पण ऐक ना" म्हणता येत नाही.

उपसू नकोस. आमच्या काकांच्या टँकचं काय झालं ते आधी वाच, मग तुला काय करायचं ते कर.

तो टँक तुला आठवत असेलच, हॉलमध्ये जिन्याखालचा, चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर. आपण कॉलेजला असताना त्याच्यासमोर बसून चहा-खारी खायचो आणि काका ओरडायचे, काचेला हात लावू नका रे. त्यांनी तो लावला तेव्हा इथं खाऱ्या पाण्याचा टँक कुणी बघितलेला नव्हता, शेजारचे लोक येऊन विचारायचे, मीठ किराणा दुकानातलंच टाकता का. मग काकांचे गुडघे गेले, पाठोपाठ मोतीबिंदू, आणि मागची काही वर्षं खायला टाकणं आणि कमी झालेलं पाणी भरणं एवढंच होत होतं. आता ते पुण्याला मुलीकडं असतात आणि टँक माझ्या गळ्यात, म्हणजे मीच हौसेनं घेतला म्हण.

ताब्यात घेतला तेव्हाची हालत ऐक. दगडांवर बोटभर लांब हेअर अल्गी, म्हणजे केसांसारखं हिरवं शेवाळ, मागच्या काचेवर एप्टेशियाचं, म्हणजे त्या तणासारख्या पसरणाऱ्या फुलांसारख्या जीवांचं जंगल, वाळूवर सायनोबॅक्टेरियाची लाल चिकट चादर, फेसातनं घाण बाहेर काढणारा स्किमर नुसता गुरगुरत होता फेस काही येत नव्हता, रिटर्न पंपाची धार इतकी बारीक की खालच्या फिल्टरच्या टाकीत, संपमध्ये पाणी पडल्याचा आवाजच येईना. नायट्रेट ऐंशी पीपीएमच्या घरात, फॉस्फेट 0.8, दोन्ही पाहिजे त्याच्या कैकपट. मला दोघातिघांनी तेच सांगितलं जे तू म्हणतोयस, सगळं काढ आणि नवीन लाव. एक जण तर म्हणाला दगड सरळ पातेल्यात उकळून काढ. त्याला म्हंटलं बाबा तुझ्या घरी उकळ. मजा नाही करत, हे नीट वाच: झोआ आणि पॅलिथोआ (बटणासारखे मऊ कोरल) असलेल्या दगडात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, दगड उकळला की ते वाफेतनं घरभर पसरतं आणि माणसं खरोखर दवाखान्यात ॲडमिट झालेली आहेत. घासतानासुद्धा हातात ग्लोव्हज आणि डोळ्यांना गॉगल पाहिजेच, आणि हाताला चिरलं असेल तर त्या दिवशी टँकला हातच घालू नकोस.

आता मुद्द्याचं. तुला वाटतंय घाण पाण्यात आहे. पाण्यात थोडीच असते रे. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो वर्षानुवर्षं पाण्यातलं फॉस्फेट धरून ठेवतो, मुरलेल्या लोणच्याच्या फोडीगत. पाणी बदललंस, आकडा खाली आला, चार दिवसांनी बघशील तर परत वर, कारण पाण्यातलं कमी झालं की दगड आतलं सोडायला लागतो. आणि तू तो उन्हात वाळवलास तर काय होणार? मरतात ते बॅक्टेरिया, जे माशांच्या अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करतात, मरतात ते बारीक किडे, स्पंज, कोरलाईन शेवाळाचा जांभळा थर. राहतं काय, तर फॉस्फेट. म्हणजे चांगलं तेवढं घालवायचं आणि वाईट तेवढं जपून नव्या टँकमध्ये ठेवायचं. वर परत सायकलिंगचा, म्हणजे ते बॅक्टेरिया नव्यानं वाढेपर्यंतचा महिना-दीड महिना, त्यानंतर डायटमचा तपकिरी थर, मग परत हेअर अल्गी, आणि मासे तोवर कुठं ठेवणार, बादलीत?

मी सगळ्यात आधी कशाला हात लावला असेल तर पाण्याला, म्हणजे टँकमध्ये जाणाऱ्या पाण्याला. आरओचा मेंब्रेन संपलेला, आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा रंग कधीच उडालेला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य यायला पाहिजे तिथं चाळीसच्या वर. पावसाळ्यात आपल्या नळाला कसलं पाणी येतं तुला माहीत आहे, गाळ अडवणारा सेडिमेंटचा पांढरा कार्ट्रिज बघता बघता चहाच्या रंगाचा होतो. (काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली तरी कार्ट्रिज आपला बदलायला लागतोच.) जो माणूस महागडी लाईट घेतो आणि आरओचा फिल्टर बदलत नाही त्याच्याशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

दुसरं मीठ. काकांकडं खारेपणा मोजायचा तो जुना काट्याचा हायड्रोमीटर, काटा बरोबर 35 वर, म्हणजे हजार भागात 35 भाग मीठ. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे थेंबातनं प्रकाश बघून खारेपणा मोजणाऱ्या यंत्रानं बघितलं तर 30. तो काटा हलका असतो, त्याला हवेचे बुडबुडे चिकटले की वर उचलला जातो आणि जास्त दाखवतो, काकांना त्या डोळ्यांनी बुडबुडे कुठले दिसायला. म्हणजे मासे आणि कोरल किती दिवस पातळ पाण्यात होते देव जाणे. पण म्हणून एका दिवसात 35 करायचं नाही, रोज एक पॉईंट, जास्त नाही. आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून चालत नाही, 35 च्या कॅलिब्रेशन फ्लुइडवरच सेट करायचा.

मग पंप. पंप काढला तर इम्पेलरवर, म्हणजे आतल्या पंख्यावर चुन्याचा एवढा जाड थर की पंखा फिरतोय हेच नवल. किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणलं, बादलीत कोमट पाण्यात विरघळवलं आणि पंप त्यात टाकून चालू केला. फसफस करत चुना सुटायला लागला, पाणी दुधाळ झालं, तासाभरानं इम्पेलर बाहेर काढला तर मॅग्नेट काळा कुळकुळीत, नव्यासारखा. टँकमध्ये लाटा करणारा वेव्हमेकर, स्किमरचा पंप, सगळ्यांना तीच आंघोळ. त्या दिवशी रात्री स्किमरच्या कपात पहिल्यांदा काळ्या चहासारखी घाण जमली आणि तिचा जो वास सुटला, आई म्हणाली हे आधी घराबाहेर काढ मग जेवायला बस.

स्टँड एमएस (साध्या लोखंडाच्या) अँगलचा, खाऱ्या पाण्यानं मागचा एक पाय पापुद्रे सुटेपर्यंत गंजलेला. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरला घरी आणला, त्यानं पायाला बोटानं टिचकी मारली, टँककडं बघितलं, मला म्हणाला, "आत पाणी किती?" म्हंटलं साडेचारशे लिटर. "म्हणजे काच, दगड धरून पाऊण टन. आणि तुम्ही ह्याच्याखाली हात घालता?" त्यानं शेजारी नवीन पाय उभा करून जॅकनं भार त्याच्यावर घेतला, टँक हललासुद्धा नाही, आणि वेल्डिंगच्या वेळी आम्ही काचेसमोर ओली गोधडी धरून उभे. आपल्या कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांचा आणि फॅब्रिकेटरवाल्यांचा नाद नाही करायचा.

वाळू हा सगळ्यात नाजूक विषय, आणि तू सगळी एकदम काढणार म्हणालास म्हणून माझ्या पोटात गोळा आला. जुन्या वाळूच्या खाली काळा थर असतो, तिथं ऑक्सिजन पोचत नाही, ती ढवळली की हायड्रोजन सल्फाईड सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि मासे पटापट पालथे पडतात. मी दर आठवड्याला वीतभर रुंदीचा एक पट्टाच सायफन करायचो, तेवढंच दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं, बस. दगडही तसेच, एका वेळी एक किंवा दोन, टँकमधनं काढलेल्या त्याच खाऱ्या पाण्याच्या टबात धरून टूथब्रशनं घासायचे आणि परत होते तिथंच ठेवायचे.

फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे लावले, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागानं. एकदम खाली आणलं तर कोरल आकसतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलं की डायनो नावाचे सूक्ष्म जीव येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडेवाले, त्यांच्यापुढं हेअर अल्गी म्हणजे सज्जन माणूस. आता माझा फॉस्फेट 0.08 आणि नायट्रेट आठ-दहाच्या आसपास असतो आणि मला त्याच्याखाली जायचंच नाही. शेवाळ खाणाऱ्या ट्रोकस गोगलगायी सोडल्या, एक फॉक्सफेस मासा आणला (काटे विषारी असतात, जाळी टाकताना जपून), आणि उरलेलं शेवाळ त्यानं महिन्या-दोन महिन्यात साफ केलं.

एप्टेशिया खरवडू नकोस हां. तुकडा राहिला की त्याच्यापासून परत नवीन उगवतो, एकाचे दहा होतात. कॅल्शियम हायड्रॉक्साईडची घट्ट पेस्ट सिरिंजनं त्याच्या तोंडावर, पंप बंद ठेवून. पानाच्या टपरीवरचा चुना नाही, त्यात काय असतं कुणाला माहीत, फूड ग्रेड आण. बारक्या एप्टेशियांसाठी पेपरमिंट श्रिंप, ती कोळंबी ते खाते.

काकांचा तो मोठा लेदर कोरल, चामड्यासारखा मऊ, आठवतो? दीड फुटाचा झालाय. मी दगड घासायला लागलो आणि तो मिटला, आठवडाभर वर मेणचट पापुद्रा, रंग राखाडी. घरच्यांना वाटलं गेला. मी वेव्हमेकरचं तोंड थोडं त्याच्याकडं वळवलं आणि गप्प बसलो, कारण लेदर कातडी टाकतो तेव्हा असाच दिसतो. एका सकाळी पापुद्रा धारेबरोबर सुटून गेला आणि खाली नवीन पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक तोंडं बाहेर, पिवळसर, सगळे हलतायत. तू असतास तर पापुद्रा दिसल्या दिवशीच काढून फेकला असतास.

हो, कोरल म्हणजे माझ्याकडं लेदर, मशरूम, झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिप एवढंच. तू ॲक्रोपोरा या दगडी कोरलचे फोटो पाठवतोस ते पाठवू नकोस. सगळे दगडी कोरल 2001 पासून आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, वाघाच्या रांगेत, आणि कुणीतरी "पेपर आहेत भाऊ" म्हणतो म्हणून मी ते घरात आणणार नाही. आपल्या समुद्रातला लाईव्ह रॉक (जीव असलेला दगड) पण नाही. कोरल बघायचेच असतील तर मालवणला चल, पाण्याखाली जाऊन बघू. मासे घेताना पण टँकमध्ये पैदास झालेलेच घे, सीएमएफआरआय या सरकारी समुद्री मासे संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाऊन माशाची पैदास करून दाखवली त्याला कैक वर्षं झाली, समुद्रातले पकडलेले घ्यायचं काही कारणच उरलं नाही.

क्लाऊनची जोडी अजून तीच आहे, काकांची. मोठी ती मादी, आणि ती गेली तर नर मादी होतो हे काकांनी आपल्याला सांगितलं तेव्हा तू किती हसला होतास. ती अजून हात घातला की मनगटाला चावते. रक्त येत नाही पण दचकायला होतं, आणि दचकलं की हातातला दगड पडतो. नीट सांभाळलं तर हे मासे वीस वर्षंसुद्धा जगतात.

लाईटवर मी फार काही लिहीत नाही, जुन्या टी-फाईव्ह ट्यूब काढून एलईडी लावली, सुरुवातीला कमी पॉवरवर, नाहीतर कोरल भाजतात. पैसे खरे घालायचे ते बॅकअपला. 2019 चा ऑगस्ट आठवतोय ना, पंचगंगा आत आली, शिरोलीजवळ हायवे बंद, उपसा केंद्रं पाण्याखाली म्हणून नळ बंद, चहूकडं पाणीच पाणी आणि घरात प्यायला नाही. आमच्याकडं पाणी चढलं नव्हतं पण वीज तासन् तास नसायची. काका बॅटरीचे एअर पंप लावून बसलेले, सेल संपले तेव्हा स्टुलावर बसून तांब्यानं पाणी उचलायचे आणि वरनं परत टँकमध्ये ओतायचे, गुडघे दुखत असताना. वीज गेली की सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, फिल्टर राहिला बाजूला. म्हणून आता माझा एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे, बाकी काही नाही, आणि आरओचं पाणी ड्रममध्ये व मिठाची एक बादली न फोडलेली कायम. उन्हाळ्यात पाणी थंड करायला चिलर नाही माझ्याकडं, पाण्यावर दोन पंखे सोडतो, दोन-तीन डिग्री खाली येतात. पाणी मात्र जास्त उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून वरनं भरायचं ते आरओचं गोडं. खारं नाही.

काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवला टँक. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "उजव्या कोपऱ्यातला दगड उलटा ठेवलायस." ठेवला होता मी मुद्दाम, खालच्या बाजूला एप्टेशिया होते. पण दुसऱ्या दिवशी सुलटा करून टाकला, वाद कोण घालणार.

तर तू आता एवढंच कर. वाळूला हात लावू नकोस. आधी तुझ्या आरओच्या पाण्याचा टीडीएस आणि टँकचा फॉस्फेट मोज आणि दोन्ही आकडे मला पाठव, टेस्ट किटची तारीख संपलेली नाही ना ते पण बघ, तुझा भरवसा नाही. दसऱ्याला येतोयस तेव्हा कुर्ल्याच्या मार्केटमधनं 35 चं कॅलिब्रेशन फ्लुइड आणि डीआय रेझिनचं एक पाकीट घेऊन ये, इथं मिळेपर्यंत माझं संपतं. पैसे आल्यावर देतो.

वहिनींना नमस्कार, पोरग्याला सांग काचेवर टकटक करू नको.

तुझा,
पिंट्या

ता. क. दगड गच्चीवर नेलेच असशील तर खाली आण आणि खाऱ्या पाण्याच्या टबात हीटर आणि पंप लावून ठेव. ओले असतील तर अजून काही बिघडलेलं नाही.